बत्तिसावा हुक

मेरिदा, ४ मे

ती. फेलिसिता मावशीस,
नेल्सीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती हो-हो करते अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र विल्बेर्थच्या व्हॅनमधून पाठवते आहे. वाटेत तो वाचेलच, तेव्हा त्यालाही नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे?

बातमी अशी की, आम्हा विहिरींचं पाणी तपासणाऱ्यांना अखेर स्वतःचं ऑफिस मिळालं. सांतियागोच्या चौकामागचं जुनं पिवळं घर, हल्लीच दुरुस्त करून उभं केलेलं. ते सजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. पैसे देणाऱ्या संस्थेची अट, की एका दिवसाच्या वाटेपलीकडून काही आणायचं नाही आणि मातीत कुजणार नाही असं काही घ्यायचं नाही. वारसा खात्याच्या मिर्नाबाईंची अट, की भिंतीतून काही काढायचं नाही, भिंतीत काही ठोकायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. विहिरीचं पाणी तरी मला तपासता येतं.

मोडक्या दारांची टेबलं झाली, सुताराने देवदाराच्या खुर्च्या दिल्या. उरले भिंतींतले, झोपायचे झुले टांगायचे लोखंडी हुक, मोजून एकतीस. आमचे साहेब, इंजिनिअर त्रेविन्यो, पार उत्तरेकडच्या मोंतेर्रेचे. ते म्हणाले, यांना कोट अडकवू. मेरिदात मे महिन्यात अंगावरची कातडीसुद्धा जास्त होते, कोट कोण घालतं? मग त्यांनी जुन्या प्लास्टिकपासून केलेले सोफे मागवले. ते इतक्या नव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आले, की त्यातून आणखी एक सोफा झाला असता. संस्थेने ते परत पाठवले.

तर लांब दालन रिकामं आहे आणि उद्घाटन १४ जूनला. मला सहा सुती झुले हवेत आणि ते टांगायला तू हवीस. आई गेल्यावर तू झुले विणून मला शिकवलंस. माझ्या पहिल्या मोठ्या कामाच्या दिवशी तू समोर नसलीस, तर मला काही गोड लागणार नाही.

लोभ तुझा आहेच. वर थोडा पपईचा मुरंबा आला तर तो वाढला असं समजेन.

तुझी,
नेल्सी

टिश्कोकोब, ११ मे

चि. नेल्सीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. विल्बेर्थने ते मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, मग हातात दिलं.

तीस वर्षं दुकानदार माझ्या कानी कपाळी ओरडले, की सूत सोड, नायलॉन विण. आता तुम्ही शिकलेले लोक सूत मागता, तेही दाखल्यासकट. दाखला असा लिहून घे: माझ्या सुती झुल्याचा एक कोपरा उंदराने खाल्ला. नायलॉनला तो तोंड लावत नाही. याहून मोठा तज्ज्ञ मला माहीत नाही.

मी आणि शेजारची चेला मिळून सहा झुले पुरे करू. येणं मात्र जमणार नाही. टर्की अंड्यांवर बसली आहे आणि ती माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. गुडघाही आहेच. टांगण्याचं तुला सांगून ठेवते. कोपऱ्यातल्या खोलीत चारच्या सुमाराला वारा येतो, एक तिथे लाव. आणि दालनात कमानीच्या डाव्या अंगाचा हुक हलतो, त्यावर जड माणूस बसवू नकोस. जुनी घरं सगळी सारखीच असतात.

जेवत जा. सोमवारी घेवडा आणि डुक्कर, हे शहरात विसरू नये.

तुझी मावशी,
फेलिसिता

मेरिदा, २३ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पहिले दोन झुले मिळाले. रंग बघून मिर्नाबाईसुद्धा हसल्या, आणि त्यांना हसताना खात्यातही कोणी पाहिलेलं नाही.

पण तुझी सूचना मी विसरले. साहेब हौसेने झुल्यात शिरले, तेही आडवं-तिरकं न पडता सरळ उभ्या लांबीत, पलंगावर पडावं तसे. झुल्याने त्यांना केळीच्या पानात वाफवलेल्या तमालसारखं गुंडाळलं, आणि कमानीचा डावा हुक अलगद बाहेर आला. साहेबांना फक्त मुका मार लागला. मिर्नाबाई धावत आल्या त्या हुकाला काही झालं का बघायला. आता तोच हुक त्याच भोकात पक्का बसवला आहे.

मावशी, सगळ्या जुन्या घरांच्या कमानीचा डावाच हुक हलतो का? तुला या घराची माहिती कशी? आणि तुझी टर्की रविवारी काळ्या मसाल्यात शिजली. विल्बेर्थने दोनदा वाढून घेतली, त्यानेच सांगितलं. तासाभराची वाट आहे. माझ्या ऑफिसात यायची तुला लाज वाटते का? तसं असेल तर सांग, मला राग येणार नाही. येईल, पण सांग.

रुसलेली,
नेल्सी

टिश्कोकोब, २७ मे

चि. नेल्सीस,
आशीर्वाद, रुसलेल्या पोरीला थोडे जास्तच.

टर्की शिजली हे खरं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

त्या घरात मी चौदाव्या वर्षापासून नऊ वर्षं कामाला होते. तुझ्या आईला ठाऊक होतं. तुला सांगायची वेळ कधी आली नाही, मी येऊही दिली नाही. पुढची पायरी रोज मी घासायचे, पण पुढच्या दारातून एकदाही आत गेले नाही. आमचा रस्ता मागच्या फाटकातून. आता तुझ्या साहेबांसमोर तिथे उभी राहिले, तर पाय आपोआप मागे वळतील. मग तुलाच खाली बघावं लागेल. लाज तुझी नाही गं, माझ्या पायांची आहे.

घरची मालकीण, सेन्योरा, वाईट नव्हती, विसराळू होती. स्वयंपाकघरामागच्या माझ्या खोलीत हुक एकच. झुल्याचं दुसरं टोक मी खिडकीच्या गजाला बांधायचे, त्यामुळे खिडकी कधी लावता यायची नाही. पाऊस, डास, जानेवारीतला गार वारा, सगळे आत. दुसरा हुक पुढच्या वर्षी लावू, असं ती दरवर्षी म्हणायची. एकदा खरंच गवंडी आला, समोरच्या भिंतीत भोक पाडलं. तेवढ्यात पोपटाची दांडी मोडली, म्हणून तिने त्याला तिकडे बोलावलं. तो परत आलाच नाही. मग भोकात मीच लाकडाची खुंटी ठोकली, विंचू बसू नये म्हणून.

उरलेले चार झुले पाठवते आहे. रागावू नकोस.

फेलिसिता

मेरिदा, ९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मिर्नाबाईंना दाखवलं. विचारायला हवं होतं, पण धीर निघाला नाही. मागच्या खोलीत, ती आता कागद ठेवायची आहे, एक हुक लावू द्या म्हणाले. नवीन काही ठोकायचं नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांनीच दुरुस्तीचा अहवाल काढला. त्यात पान सत्तेचाळीसवर लिहिलं आहे: मागील खोली, पूर्व भिंत, लाकडी खुंटी ठोकलेलं भोक, हेतू अज्ञात.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "हे नवीन काम नव्हे. हे राहिलेलं काम आहे."

त्यांनी स्वतः सही केली आणि तुझं पत्र पुरावा म्हणून जोडून घेतलं. सहाही झुले टांगून झाले, पण कागदांचं कपाट मी त्या खोलीतून हलवलं आहे. बत्तिसाव्या हुकावर तुझाच झुला लागेल, उंदराने खाल्लेला. तो घेऊन पुढच्या दाराने ये. तुझे पाय मागे वळले तर मीही तुझ्याबरोबर मागून येईन, आणि साहेबांनाही तिकडूनच आणेन.

वाट बघणारी,
नेल्सी

टिश्कोकोब, १७ जून

चि. नेल्सीस,
अनेक आशीर्वाद.

घरी नीट पोचले. विल्बेर्थने वाटभर तुझं कौतुक केलं आणि उतरताना मुरंब्याची बाटली मागितली.

पुढच्या पायरीवर मी थबकले ते तू बघितलंस. तुला वाटलं, पाय वळले. तसं नव्हतं, पायरी नीट घासलेली नव्हती. तिथे झाडलोट करणाऱ्या मुलीला सांग, कडेला लिंबू चोळायचं. तुझ्या साहेबांना आता तिरकं पडता येतं, पण ते झुल्यात बसून भाषण करतात ते बरं दिसत नाही.

भाषणांच्या वेळी मी कुठे गेले म्हणून तुम्ही सगळे शोधत होतात. मी खोलीत होते. झुला दोन्ही हुकांना लावला, गाठ ओढून बघितली. मग आधी खिडकी लावली. दोन्ही झडपा, वरची कडी, खालची कडी. जरा वेळ तशीच उभी राहिले. मग उघडली, कारण उकडत होतं, आणि झोपले.

उद्घाटनाला आलेल्या मंत्रीण बाई काय बोलल्या ते पत्रात कळव.

लोभ आहेच. बाटलीतला मुरंबा मात्र विल्बेर्थकडे मोजून दिला आहे, कमी भरला तर सांग.

तुझी मावशी,
फेलिसिता