मागच्या शेगडीवरचा कुकर

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
नोव्हेंबर १९८७

ती. दादास,

बाळचा साष्टांग नमस्कार. संध्यावहिनींचे गुडघे आणि तुझी बढती, दोन्ही एव्हाना मार्गाला लागली असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. आईची तब्येत उत्तम आहे, वजन थोडं वाढलंय, कवळी जागच्या जागी आहे. खरं म्हणजे इथेच पत्र संपवता आलं असतं, पण मला आमच्या स्टोव्हबद्दल लिहायचंय.

आमचा स्टोव्ह म्हणजे पोटात ओव्हन, वर विजेच्या चार शेगड्या आणि मागे उभं पॅनेल. पॅनेलवर बटणं आणि हिरव्या आकड्यांचं घड्याळ. (जुन्या स्टोव्हला नुसते कान पिळायचे होते आणि तो कधी तोंड उघडत नसे. पण सुमेधाला डिजिटल हवा होता. मलाही हवा होता, तिचं नाव उगाच घेतो.) उन्हाळ्यापासून हे घड्याळ अधूनमधून वेळ सांगायचं सोडून 'एफ-१' दाखवतं आणि कोकलू लागतं. मेन स्विच पाडेपर्यंत थांबत नाही. उत्तरा तिच्या खोलीतून 'डॅड, इट्स डुइंग इट अगेन!' म्हणून ओरडते, आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीतून हातातलं काम टाकून धावतो. (शनिवार-रविवारीसुद्धा कसलं काम, असं विचारू नकोस. ऑफिसात माणसं कमी करताहेत, आणि मी कमी होणाऱ्यांत नसावा यासाठीचं काम.)

पुस्तिकेत लिहिलंय की एफ-१ आला तर सर्व्हिसवाल्याला बोलवा. आता मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, आपल्या आळीतले निम्मे रेडिओ लहानपणी मी दुरुस्त केलेले (उरलेले निम्मे बिघडवले, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो). मी कसला बोलावतोय! ओव्हनचा सेन्सर काढून मीटर लावला. ठणठणीत. वायरिंग तपासलं. ठीक. दुखणं फक्त शनिवार-रविवारी येतं हे लक्षात आल्यावर, शेजारी सगळे त्या दिवशी कपडे धुतात म्हणून व्होल्टेज पडत असेल, असा एक सिद्धान्त मांडला आणि शेजारच्या भल्या बाईला तिच्या ड्रायरबद्दल नको ते प्रश्न विचारून आलो. ती आता मला पाहिलं की गराजचं दार लावते.

या साऱ्यात खुशीत एकटी आई. मी स्टोव्हमागे पालथा आणि ती शेजारी पाटावर टॉर्च धरून. उजेड वायरीवर सोडून माझ्या तोंडावर. वर बाबांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट, यमूमावशीच्या लग्नात सांडलेल्या श्रीखंडाची गोष्ट, माझ्या गोवराची गोष्ट. एका रविवारी तर दुरुस्ती संपली तरी गोवर उतरेना.

शेवटी रोग सापडला. आई कुकर मागच्या शेगडीवर लावते. शिट्टीची वाफ थेट पॅनेलवर जाते, बटणांच्या आत ओल धरते, आणि ओव्हनला वाटतं कोणीतरी त्याची बटणं दाबतंय. या देशातल्या कुठल्याही पुस्तिकेत हे सापडणार नाही, कारण इथे कोणी शिट्ट्या मोजून वरण शिजवत नाही. मी आईला समजावलं की कुकर पुढच्या शेगडीवर लाव. तिने मान डोलावली. पुढच्या शनिवारी पुन्हा मागे. पुन्हा सांगितलं, पुन्हा मागेच. दादा, मला भीती वाटते. तिच्या लक्षात राहत नाहीये. आम्ही सकाळी गेलो की संध्याकाळपर्यंत ती घरात एकटी, आणि हाताशी तापलेल्या शेगड्या.

यावेळी आईच्या दोन ओळी नाहीत. त्या पुढच्या पत्रात. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ

ता.क. बाबा गेल्यावर आईने माझ्याकडेच राहायचं, हा आग्रह माझाच होता, ठाऊक आहे. तरी तिला आता तुझ्याकडे नेशील का? मी पाठवतोय असं तिला वाटायला नको. तुला करमत नाही म्हणून तूच बोलावतोयस, असं तिला वेगळं पत्र लिही. सुमेधालाही मी यातलं काही सांगितलेलं नाही.

ता.क. २ नवं पॅनेल आलं, काल बसवलं. वाफ आत शिरणार नाही असं रबरही लावलंय. आता ब्रह्मदेव आला तरी वाजणार नाही.

चि. गिरीशला आईचे अनेक आशीर्वाद. सुमेधा पोस्टात जायला निघाली होती. पत्राची शेवटची घडी कोरी दिसली, नेहमीसारखी माझ्यासाठीच ठेवली असेल म्हणून तिने आणून दिली. चष्मा लावून सगळं वाचलं. बाळवर रागावू नकोस, नोकरीच्या काळजीने पोखरलाय बिचारा. माझ्या सगळं लक्षात राहतं. इतर दिवशी मी कुकर पुढेच लावते, तेव्हा ऐकायला घरात कोण असतं? ते कोकललं की बाळ दार उघडून येतो, माझ्यापाशी बसतो. तू मला वेगळं पत्र लिही, तुला करमत नाही असंच लिही. मी ते त्याला वाचून दाखवीन. पॅनेल चांगलं निघालं. आज शनिवार. कुकर मागेच लावला, शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊ दिल्या, भाताची पेज झाली, तरी वाजलं नाही. लवकर बोलाव.