मेलेल्या माणसाचं विमा कार्ड

व्हालपरायझो, ३ मार्च १९१३

प्रिय इसाबेल,

तुला आणि आईला खूप प्रेम. मी धडधाकट आहे, जेवणही बरं आहे. तुझ्या पायांची सूज उतरली का? कोळशाची बादली उचलू नकोस.

एक चूक कबूल करतो. संपात मी पुढे होतो, त्यामुळे नंतर मालक मला कामावर घेईनात, म्हणून वारलेल्या सॅम प्रिंगलचं नोकरीचं पुस्तक दाखवून मी या जहाजावर लागलो. आमच्यात असं पुष्कळ जण करतात. पण बाळंतपणाचे पैसे ज्यातून मिळतात त्या सरकारी विम्याचा माझ्या पगारातून कापलेला हप्ताही प्रिंगलच्याच कार्डावर चढत गेला, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि धक्क्यावर पिंपावर चढून मीच गरजलो होतो, "बाळंतपणाचे तीस शिलिंग ही भीक नाही, आपल्या बायकांचा हक्क आहे!"

काल भट्टीवरचा रॉबसन म्हणाला, "वक्तेबुवा, प्रिंगल तर सडाफटिंग होता. मग तुमच्या बाईंना पैसे कोण देणार?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आज सकाळी कप्तानाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "गाढवा, गप्प बसला असतास तर नोकरी तरी टिकली असती!" घरच्या बंदरात पोचताच मला उतरावं लागेल. पण हप्ते माझ्याच पगारातले आहेत अशी माझ्या खऱ्या नावाची चिठ्ठी त्यानं दिली, ती सोबत आहे. ती विमा कचेरीत दाखव. ते मानतील की नाही, त्यालाही ठाऊक नाही.

जगाच्या बायकांसाठी घसा फोडला आणि तुझाच हक्क घालवून बसलो. मी घरी पोचण्याआधी बाळ आलं, तर त्याच्यासमोर माझी बाजू मांडू नकोस. ती मीच मांडीन.

तुझा,
मॅथ्यू हॅसवेल