पितृपक्षातलं हळदीकुंकू

उज्जैन, मार्च १९९३

प्रिय मुक्ता,

परवा टावर चौकात मला पाहून तू रस्ता ओलांडलास. बरोबर केलंस. कोर्टातल्या तुझ्या चांगल्या वर्तनाच्या बंधपत्राची मुदत संपली त्या दिवशी मीच सांगितलं होतं, की यापुढे मी तुझ्या दारात येणार नाही, रस्त्यात ओळखही दाखवणार नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही घरी नाही, माधवनगरच्या तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर.

आधी माझी बातमी. परिवीक्षा अधिकाऱ्याचं, म्हणजे माझं प्रोबेशनचं, इथलं पद पुढच्या महिन्यापासून बंद. सरकारला खर्च कमी करायचा आहे. भोपाळहून एक साहेब आले होते. म्हणाले, मॅडम, जेल का खर्चा तो हो ही रहा है, फिर ये ऊपर से क्यों? मी म्हटलं, पहिल्याच चुकीला माणूस जेलात जाऊ नये म्हणून. त्यांना पुरावा हवा होता, सुधारलेला एक तरी माणूस समोर उभा करा. मी म्हटलं, साहब, जो सुधर गए वो अपने घर में हैं, उनको यहाँ क्यों बुलाऊँ? त्यांनी 'उदाहरण उपलब्ध नहीं' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. तुझं नाव ओठावर आलं होतं. दिलं नाही. आता मला झाबुआला पाठवलं आहे, दुसऱ्याच खात्यात.

फॉल लावायला जायचीस त्या घरातली पाटली तू उचललीस, आणि कोर्टाने भैरवगढच्या जेलऐवजी तुला वर्षभर माझ्या देखरेखीखाली ठेवलं. दर महिन्याला घरी येऊन पाहणं हे माझं काम. सरकारी बाई दारात आली की गल्लीला सगळं कळतं, म्हणून मी तुझी देवासची मावशी झाले. पर्समध्ये करंडा. तुझ्या आईला हळदीकुंकू लावायचं आणि चहा होईपर्यंत तुझी चौकशी करायची. शेजारच्या अक्का म्हणायच्या, "मुक्ते, तुझी मावशी भारी कडक गं, हळदीकुंकवाला येते की परीक्षा घ्यायला?" एकदा तर मी भर पितृपक्षात करंडा उघडला. माझ्या डोक्यात कोर्टाची तारीख होती, पंचांग नव्हतं. अक्का बघतच राहिल्या. तू सुई न थांबवता म्हणालीस, "मावशी नोकरी करते ना अक्का, तिला सण आणि सुतक सारखंच." अक्का हसल्या. माझी नोकरी आणि तुझी अब्रू, दोन्ही त्या दिवशी तू वाचवलीस.

आता कामाचं. अश्विनी नावाची मुलगी आहे, तुझ्या तेव्हाच्या वयाची. कामाला होती त्या दुकानातून साड्या नेल्या, गुन्हा कबूल आहे. न्यायाधीश तिला बंधपत्रावर सोडायला तयार आहेत, पण देखरेख कोण करणार? कायद्यात सोय आहे. अधिकारी नसेल तर कोर्टाला योग्य वाटेल अशी कोणीही व्यक्ती चालते. पगार नाही. मी कॉलेजातल्या मैत्रिणींना विचारलं. चोराच्या घरी जायचं म्हटल्यावर एकीचं ब्लडप्रेशर वाढलं, दुसरीच्या घरी पाहुणे आले. सोमवारपर्यंत कोणी उभं राहिलं नाही, तर अश्विनी भैरवगढला जाईल.

तुझं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सुहासरावांना तू लग्नाआधीच सगळं सांगितलंस, सासूबाईंना नाही, हे मला ठाऊक आहे. न्यायाधीशांना मात्र खरं सांगावं लागेल, त्यांच्या खोलीत, दार लावून. कोर्टाशी मी खोटं बोलत नाही. सोमवारी सकाळी मी कोर्टाबाहेरच्या बाकावर असेन. तू आली नाहीस तर नाव निघणार नाही, आणि पुढेही कधी दिसले तर अशीच रस्ता ओलांडून जा. आलीस तर करंडा तुझ्या हातात देऊन मी झाबुआची बस धरेन. अश्विनीची शेजारीण अक्कांइतकीच चौकस आहे. पितृपक्षात तेवढी जाऊ नकोस.

तुझीच,
देवासची मावशी
(उषा)