बाबा उतरतात ती जागा

शनिवार, संध्याकाळ. बोरी.

सातवीच्या पोरांकडून गावाचा ऑनलाइन नकाशा करून घेतेय. शाळा, दवाखाना, विहिरी, एवढंच लावायला सांगितलं होतं. सानिकानं फाट्यावर खूण लावली, 'बाबा उतरतात ती जागा'. ही काय जागा झाली? पुसणारच होते. तेवढ्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं नकाशाची लिंक टाकली होती, तिच्या वडलांचा आवाजी निरोप आला. पूर्णेला रेल्वेत असतात, शनिवारीच घरी येतात.

"मॅडम, बसमधी बसून नकाशा बघायलोय. लय भारी हाय. पण खूण जरा पुढं घ्या, चिंचेखाली. पोरगी तिथंच उभी राहती."

आणि मी पुसायला निघाले होते! ती जागा…

खूण उचलून चिंचेखाली ठेवली. नाव तेच राहू दिलं.

बस अजून यायचीय. सानिका आत्ता तिथंच उभी असेल.