एकही शर्यत न हरलेला माणूस

३ मार्च, सोमवार. सकाळी ५.१०
नवं आयुष्य सुरू. प्रोबेशनचा शेवटचा महिना. ३१ तारखेला मी कायम होणार हे माझ्याकडून पक्कं झालंय, आमच्या साहेब मॅडमकडून व्हायचं तेवढं बाकी आहे.
संकल्प: रोज पाचला उठणे. खेळातली शिस्त फायनान्समध्ये आणणे. हे कुणालाही न सांगता करणे.
चार वर्षं राष्ट्रीय रिले संघात होतो. एकही शर्यत हरलो नाही. इंटरव्ह्यूत हे वाक्य ऐकून मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं.
मी दोन वर्षं फायनान्सच्या कोर्सला बसलो, तेव्हा बायकोने लॅबमध्ये दोन-दोन शिफ्ट ओढल्या. मी कायम झालो की ती संध्याकाळची शिफ्ट सोडणार. म्हणजे हे सगळं तिच्यासाठी आहे. 

सकाळी ८.४०
लवकर उठल्याचं सांगायला गेलो, तर ती झोपली होती. पाचच मिनिटं आडवा झालो. साडेआठला जाग आली. रिकव्हरी हा ट्रेनिंगचाच भाग असतो.

४ मार्च, मंगळवार
तिसरा संकल्प रद्द. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं.
आमच्या कंपनीला वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं हवी असतात. म्हणून आमची टीम अशी: टॉपर आकडे गोळा करतो, तो एकटाच पहिल्यापासून हे शिकलेला. आचारी तक्ते मांडतो. त्याने नऊ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत. सिस्टर बारा वर्षं वॉर्डात नर्स होती, ती तपासते. आणि मी शेवटचं टिपण लिहून दर शुक्रवारी अकरा क्लायंटना त्यांच्या गुंतवणुकीचा आढावा पाठवतो.
चार माणसं, एकामागे एक. देवानेच रिले मांडून दिलीय. मी अँकर, म्हणजे शेवटचा, निर्णायक धावपटू. हे मीच ठरवलं, बाकीच्यांना त्यातलं कळत नाही.

६ मार्च, गुरुवार
कॉरिडॉरमध्ये प्रात्यक्षिक. रिलेत बॅटन घेणारा मागे वळून बघत नाही. हात मागे करायचा, देणाऱ्याने ‘घे’ म्हणायचं, की पकडून सुटायचं. सगळा खेळ विश्वासाचा. बॅटन म्हणून पाण्याची बाटली घेतली.
आचाऱ्याने ती उलटी दिली. झाकण सैल होतं. प्रिंटर भिजला.
यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं सिस्टर म्हणाली. बदलाला विरोध हा होणारच.

१० मार्च, सोमवार
स्टॉपवॉच आणलं. टॉपर चाळीस मिनिटं. आचारी पन्नास. सिस्टर अडीच तास! प्रत्येक क्लायंटचं नाव, तारीख, आकडा मोठ्याने वाचते. मी कारण विचारलं.
“पेशंटचं नाव वाचल्याशिवाय मी गोळी देत नाही,” म्हणाली.
इथे कुणी मरत नाही, हे तिला शांतपणे समजावलं. वॉर्डातही नवीन डॉक्टर सुरुवातीला असंच म्हणायचे, म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

१४ मार्च, शुक्रवार
आढावा तीन तास उशिरा गेला. दोष कुणाचा हे मी बोललो नाही, फक्त सिस्टरकडे बघितलं. (मला टिपण लिहायला दोन तास लागले, पण अँकरला दबाव असतो.)
स्वतःपुरता एक कामगिरी-तक्ता बनवलाय. टॉपर: पाय आहेत, आवाज नाही. आचारी: मध्येच थांबून चव बघतो. सिस्टर: पेशंट खांद्यावर घेऊन धावते. मॅडम: स्टार्ट उत्तम, शेवटच्या वीस मीटरला दम लागतो.
फाइलचं नाव ‘रिले फायनल’. कुणालाही दाखवणार नाही.

१८ मार्च, मंगळवार
जेवताना सिस्टरने विचारलं, मी रिलेत कितवा धावायचो. म्हटलं, पाचवा. तिने बोटांवर मोजलं. चारच भरले. मी डबा बंद केला.
घरी बायकोला सांगितलं, ऑफिसात मत्सर सुरू झालाय. तिच्या डोक्यात भलतंच होतं. पुढच्या महिन्याच्या शिफ्ट लागणार आहेत, संध्याकाळची सोडते असं सांगू का, विचारत होती. म्हटलं, बेधडक सांग.
अलीकडे ती पायाखाली उशी घेऊन झोपते. ते बघवत नाही.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.४५
सिस्टर रजेवर! चालून आलेली संधी. तिचं तपासणं गाळून थेट आचारी ते मी. माझ्याच सूचनेवरून त्याने आढाव्याला छान नाव दिलं: ‘रिले फायनल’. त्याने ‘घे’ म्हटलं, मी मागे न बघता फाइल जोडली आणि पाठवली. दहा चाळीस! विक्रम.

दुपारी १२.२०
एका क्लायंटचं उत्तर आलंय. आकडे सापडत नाहीत, पण मॅडमच्या शेवटच्या वीस मीटरबद्दल कंपनी काय करणार आहे, असं त्यांनी विचारलंय.

दुपारी १२.२५
एकाच नावाच्या दोन फाइली. प्रत मॅडमनाही गेलीय.

२४ मार्च, सोमवार
मॅडमनी बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार वर्षं संघात नक्की काय करत होतात, एवढंच विचारलं.
खरं सांगितलं. राखीव होतो, एकदाही धावलो नाही. चौघांच्या बुटांचे खिळे, छातीवरचे नंबर, पिना, लेनच्या चिठ्ठ्या मी तपासायचो. एकदा दोघांचे नंबर अदलाबदल झालेले मी ऐन वेळी पकडले, नाहीतर संघ बाद झाला असता. पदक चौघांना मिळालं.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
“हे तुम्ही इंटरव्ह्यूत का नाही सांगितलंत?”
जागेवर परत आलो आणि ‘रिले फायनल’ डिलीट केली.

३१ मार्च, सोमवार
सिस्टर टीमची प्रमुख झाली. मला प्रोबेशन आणखी तीन महिने, काम तपासणीचं, तिच्या हाताखाली. टिपण टॉपर लिहिणार.
बायकोला सांगताना लाज वाटली. शिफ्ट सोडल्याचं तिने लॅबमध्ये कळवलं असणार. आता ती परत मागायला जाणार, तेही माझ्यामुळे.
“मी अजून काही बोललेच नाहीये,” म्हणाली.
का, विचारलं.
“तुझ्याबरोबर अकरा वर्षं काढलीत रे मी.”
मग उठून संध्याकाळच्या शिफ्टला गेली.

१ एप्रिल, मंगळवार
पाचचा गजर काढून टाकला. सातला आपोआप जाग आली. बायकोला चहा करून दिला. तिने तो संपवला.
ऑफिसात सिस्टर फाइल घेऊन आली. सवयीने माझा हात मागे गेला. तिने फाइल हातात दिली नाही, वळसा घालून समोर टेबलावर ठेवली. आधी नाव वाचा म्हणाली, मोठ्याने.
वाचलं. अकरा क्लायंट, अकरा नावं, तारखा, आकडे. अडीच तास लागले. सगळं बरोबर होतं. शेवटच्या पानावर टीमची यादी होती, तिथे एक चूक सापडली. माझ्या नावापुढे मीच टाकलेलं ‘अँकर’ अजून तसंच होतं.
खोडलं.