हाकब्याड

१० फेब्रुवारी, सोमवार

आज बी झोळी वर गेली.

सकाळी माझ्या हातानं गुडघ्याएवढी खाली बांधल्ती. एक टोक जमिनीत गाडलेल्या खांबाला, दुसरं टोक सोलारच्या प्लेटीखाली लोखंडी पट्टी हाय तिला. मितू झोपली. मी बाजूच्या लाइनीत प्लेटा धुवायला गेले. न्याहारीला येऊन बगते तर पट्टीकडची बाजू कमरेएवढी वर. पोरगी घसरून एका कडेला गोळा झालेली. रडली न्हाई. नुसती बगायली माझ्याकडं.

कोण हात लावायलंय माझ्या पोरीला?

विचारू कुणाला? कामावर लेकरू आणायची परवानगीच न्हाई. गेटवरचे शिवशंकरप्पा काका तोंड फिरवून मला आत सोडतेत म्हणून जमायलंय. घरी सासूला डोळ्यांनी दिसत न्हाई. रांगती पोर चुलीकडं गेली तर ती काय करंल? मितूचे पप्पा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. हे काम गेलं तर आमच्या खजुरी गावात बारा महिने चालंल असं दुसरं काम न्हाई. पोर कुठं ठेवू आन मी कुठं जाऊ.

सातवी शिकलेय. लिहिलं की जरा हलकं वाटतंय. म्हणून लिहायलेय.

११ फेब्रुवारी

सोजराबाईला सांगितलं. माझ्या संग प्लेटा धुती, वयानं मोठी, तोंड बंद म्हणून नसतंय. म्हनली, ‘आगं, लई दूध पाजायलीस. फुगून वर जायलीय तुझी पोरगी.’ समद्या बाया हसल्या. मी बी हसले.

मला हितलं कायच कळंना. सकाळी येते तवा प्लेटांचं तोंड उगवतीला. जाताना बगते तर मावळतीला. मीच उलट्या वाटनं जायलेय का? समद्या लाइनी एकसारख्या, माणूस गरगरतंय. विचारलं असतं, पण एका दिवसात दोनदा कशाला हसं करून घ्या.

आणि एक. पयल्या दिवशी सौम्या मॅडमनं त्या पट्टीकडं बोट दाखवून सांगितल्तं. मॅडम इंजिनियर, धारवाडकडच्या, मराठी येत न्हाई, हिंदी अर्धी. म्हनल्या, ‘इदर म्याल एनू हाकब्याड.’ मी उदगीरकडची, लग्न होऊन हिकडं कर्नाटकात आले. कानडी चार शब्द येतंय. ब्याड म्हंजे नको. हाक म्हंजे हाक. हितं हाक मारायची न्हाई, आवाज करायचा न्हाई, असं. करंटाचं काम, असंल काय तरी. तवापास्नं मी प्लेटीखाली मितूसंग कानात बोलल्यावानी बोलते. पण परवा ती लई किरकिरली तवा मी अंगाई म्हनले, जरा मोठ्यानं. त्यानंच झालं असंल का?

पण बाकीच्या बाया तर गलका करतेत. त्यांना काय होत न्हाई. मग मलाच कामून?

१३ फेब्रुवारी

सासूला सांगितलं. चांगुणाबाई माझी सासू, उभ्या जन्मात कशाला भ्याली न्हाई. म्हनली, ‘भूतखेत आपल्यात मानत न्हाईत. बाबासाहेबांच्या फोटूखाली बसून असलं बोलू नको.’ मी बी मानत न्हाई. पण मग कोण?

मग हळूच म्हनली, ‘तो गेटवरचा माणूस कसा हाय?’

शिवशंकरप्पा काका! मितूला रोज शेंगदाण्याचा लाडू आणून देतेत, दात न्हाईत तिला तरी. त्यांच्यावर कसा संशय घेऊ. घेतला पण. दिवसभर गेटकडं बगत होते. लाज वाटली.

१४ फेब्रुवारी

आज खूण केली. झोळी बांधली आन पट्टीकडची बाजू जिथवर आली तिथं माझ्या पायाला ओल्या मातीचं बोट ओढलं, नडगीवर. मग गवत काढायच्या निमतानं शेजारच्या लाइनीत बसले. विळा हातात, नजर झोळीवर.

कोण आलं न्हाई. काका गेटवर. सोजराबाई लांब. वारं न्हाई. पाखरू न्हाई. मी डोळा लवू दिला न्हाई. झोळी हलली न्हाई, मी शपथेवर सांगते, तसूभर हलली न्हाई.

उठून जवळ जाऊन उभी राह्यले. मातीची खूण खाली, झोळी मांडीपाशी.

माझ्या डोळ्यासमोर वर गेली आन मला दिसली न्हाई. मला काय तरी व्हायलंय का? बाळंतपणानंतर काही बायांचं डोकं फिरतंय म्हनतेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. मितू घरच्या झोळीत, आड्याला बांधलेली. चार बारी जाऊन बघितलं. वर गेली न्हाई.

१८ फेब्रुवारी

आज जीव गेलाच होता. काकांनी गेटवरनं शिट्टी मारली. ही आमची खूण, साहेब लोक यायलेत म्हणून. मी झोळी सोडली, मितूला पदराखाली घेतलं, पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. दूध तोंडात दिलं म्हणून गप राह्यली.

सौम्या मॅडम आन दोन मिस्त्री. आमच्याच लाइनीपाशी येऊन थांबले. वाकून बगितलं, ठोकून बगितलं. मॅडम वैतागलेल्या. नंतर सोजराबाईनं मला मराठीत सांगितलं. ह्या लाइनीची मोटर रोज मधीच बंद पडायलीय. हापिसातल्या कंप्युटरवर लाल दिवा लागतो. काय तरी अडकलंय असं दाखवतो. बगायला आलं की कायच अडकलेलं नसतंय. बटण दाबलं की चालू.

मोटर कसली, विचारलं न्हाई. पाण्याची असंल.

‘एक लाइन थांबली की तेवढी वीज गेली. वरनं फोन येतेत मॅडमला,’ सोजराबाई म्हनली. ‘माकडं अडकवतेत म्हनतेत काय तरी.’

माकडं! खजुरीत माकडं कवा आली. पण त्या लाइनीत काय तरी हाय. मोटरीला बी धरायलंय, माझ्या पोरीला बी.

दुसऱ्या लाइनीत झोळी बांधावी म्हनलं. पण सावली आन पाण्याची टाकी जवळ फकस्त हितंच. शिट्टी झाली तर लपायला दुसरी जागा न्हाई.

२० फेब्रुवारी

मॅडमनं समद्यांना गोळा केलं. आज लई खुश. अर्धं हिंदी, अर्धं कानडी. मोटरीचा जोर वाढवणार म्हनल्या. आधी जरा काय आडवं आलं की ती भिऊन थांबायची. आता थांबणार न्हाई. पाऊस येऊ दे, वारं येऊ दे, मधी काय बी येऊ दे, ओढून न्हेईल. सारखं मिस्त्री पाठवायचा खर्च बी वाचला. हाताची मूठ करून दाखवली त्यांनी. पयलं परवा शनिवारपास्नं ह्या लाइनीला. नीट चाललं तर सोमवारपास्नं समद्या लाइनींना तसंच.

टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. बरं झालं, आता साहेब लोक वाकून बगायला येणार न्हाईत.

२२ फेब्रुवारी, शनिवार



मितूला दात यायलेत. सकाळपास्नं खाली ठेवू देईना. झोळीत टाकलं की आक्रोश. शेवटी पाठीला बांधली आन तसंच गवत काढायला लागले. झोळीत नुसता डबा ठेवला भाकरीचा.

टर्रर करून आवाज आला. मी वळले. झोळी मधनं फाटलेली. माझ्या आईचं लुगडं, जाडजूड, जुन्या वाणाचं. मधनं फाटलं. त्याच्या आधी ते दोरीवानी पिळून ताणलं असणार, कारण डबा दबून चपटा झाल्ता. भाकरी मातीत.

सोजराबाई पळत आली. वर बगितलं, खाली बगितलं. ‘पट्टीला बांधलीस? आगं खुळे, त्या मोटरीवर प्लेटा फिरतेत की सूर्यासंग. हळूहळू. दिसत न्हाई डोळ्याला, पण फिरतेत. पट्टी बी त्यांच्याच संग. मॅडमनं सांगितलं न्हाई का तुला, हाकब्याड म्हणून?’

मी म्हनले, सांगितलं की. हाक मारू नको म्हनल्या. मी न्हाई मारली.

तिनं फाटकं लुगडं हातात घेतलं. मग हळू म्हनली, ‘हाकू म्हंजे घाल, टाक, अडकव. ह्यावर काय बी अडकवू नको म्हनल्या त्या.’

ही बाई कशावर बी हसती. आज हसली न्हाई.

म्हंजे ती मोटर रोज माझ्या मितूपाशी येऊन थांबायची. झोळी ताणली की थांबायची. लाल दिवा लागायचा. लोक शिव्या द्यायचे तिला. आन मी तिला भूत समजले. आणि तिचा जोर वाढवला तवा टाळ्या वाजवल्या!

चपटा डबा पिशवीत घालून घरी आणलाय. बगवत न्हाई.

सोजराबाई म्हनली, ‘कुणाला बोलू नको. पोर वाचली ना? बोललीस तर तू बी घरी, शिवशंकरप्पा बी घरी.’ खरं हाय तिचं. सासूला सांगितलं, शेळीनं लुगडं फाडलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गेटवर नवी बाई. लिंगम्मा, निंबर्ग्याची. आजच कामाला लागली. काखेत पोरगं, खांद्यावर घडी घातलेलं लुगडं. काका तोंड फिरवून उभे. ती मला म्हनली, ‘अक्का, झोळी बांधायला सावली कुठं चांगली?’

तिला हाताला धरून आणलंय. मॅडमच्या हापिसाच्या दारात बसलोय दोघी, लेकरं मांडीवर. आत फोन चालू हाय. सोजराबाईला बोलवून घेतलंय कानडीत सांगायला. ती शिव्या देत आली, पण आली. फाटकं लुगडं आन डबा माझ्या शेजारी, तवर वही काढून लिहायलेय.

आता आत बोलवायलेत.