डाव्या डोळ्याची चूक आणि माझी मालमत्ता

मी, सेकोंदो बर्रा, वय ७४, धंदा बूट शिवणे, राहणार कियेरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कालपासून वाइनचा थेंबही न घेता लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता, तर माझ्या स्वभावाप्रमाणे मी मुद्दाम उलटं लिहिलं असतं.

१. राहतं घर भाची देल्फिना हिला. छप्पर कुठे गळतं ते तिला ठाऊक आहे. शेजारच्या बर्नार्दोला शिडी देऊ नये. त्याने १९०९ साली नेलेली आधी आणून द्यावी.

२. बँकेत जे काही असेल त्यातून संत रोक्को शाळेतल्या सगळ्या मुलांना एक दिवस आन्योलोत्तीचं जेवण, पिठाच्या पारीत भरपूर मांस भरून. मक्याच्या पिठाचा पोलेंता नको. तो त्यांना रोजच असतो.

३. रापी, आऱ्या आणि लाकडी साचे त्याच शाळेच्या कारखान्याला. तिथे मी एकतीस वर्षं बूट शिवायला शिकवलं. बूट गुडघ्यावर दाबून धरायचा चामड्याचा पट्टा मात्र माझ्या शवपेटीत ठेवावा. माझ्या उस्तादाने त्याच पट्ट्याने माझ्या पाठीवर मला धंदा शिकवला. मीही शाळेत तीच विद्या घेऊन आलो होतो. पहिल्याच दिवशी तेव्हाच्या मुख्य फादरांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, इथे हात उचलायचा नाही. पोरांत मिसळा, खेळा, चांगलं केलं तर तोंडभरून सांगा. चुकलाच कोणी, तर जरा उदास होऊन त्याच्याकडे बघा. पोरगं आपणहून येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर आपली माया कमी पडली समजायचं."

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकतीस वर्षं मी कोळशाच्या खोलीत जाऊन कोळशाला शिव्या दिल्या आणि हसतमुखाने बाहेर आलो.

४. आता खरी गोष्ट. माझा डावा डोळा जन्मापासून तिरपा आहे. प्लाचिदो नावाच्या कार्ट्याने माझ्या खुर्चीवर खळ लावली, तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे त्याच्याकडे उदास होऊन बघितलं. आला मात्र शेजारच्या स्टुलावरचा सिल्वेरिओ, आईबाप नसलेला, डोळे भरलेले. "मास्तर, मीच केलं." मी त्याच्या कानात म्हटलं, "खरं बोललास, शाबास," आणि भाजलेले चेस्टनट दिले. नंतर गिऱ्हाइकाच्या बुटात मांजर निघालं. पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी सिल्वेरिओ गोवराने अंथरुणात असताना बुटात बेडूक निघाला. मी बघत राहिलो, पण रिकाम्या स्टुलावरून कबुली द्यायला कोण येणार? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढ्या गुणी पोराला फुकट रडवलं हे सांगायची लाज वाटली, आणि आजवर वाटते.

तो आता फादर सिल्वेरिओ आहे. शाळा सांभाळायला त्याला बोलावलंय, तर म्हणतो, "लहानपणी मी काय काय केलंय ते बर्रा मास्तरांना विचारा. माझ्या हाती पोरं देऊ नका." रविवारपर्यंत त्याने होकार दिला नाही, तर नोव्हाराहून एक गृहस्थ येणार आहेत. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि काखेत छडी असते म्हणे. माझ्या एकतीस वर्षांच्या शिव्या पाण्यात!

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, आणि रविवारच्या आत मरायचा माझा अजिबात विचार नाही. म्हणून सिल्वेरिओ आणि प्लाचिदो, दोघांनाही साक्षीदार म्हणून बोलावलंय. सगळं वाचल्याशिवाय सही करू नये. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असं नोटरी सांगतात. प्लाचिदोला तसंही काही द्यायचं नव्हतं.

सही: सेकोंदो बर्रा

साक्षीदार १: प्लाचिदो व्हाय, टोप्यांचा व्यापारी. वाचलं. खळ माझी, मांजर माझं, बेडूकही माझाच. फादरांचं चीजसुद्धा मीच खाल्लं होतं, ते अजून कोणाला माहीत नाही. मास्तर माझ्यावर कधी नाराजच होत नाहीत, या समजुतीत मी आजवर फार सुखात होतो.

साक्षीदार २: फादर सिल्वेरिओ. वाचलं. मास्तर, तुमचा डोळा मला पहिल्याच आठवड्यात कळला होता. त्याआधी माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं, रागानेसुद्धा नाही. तुम्ही कानात बोलावं म्हणून मी दर वेळी खोटी कबुली देत गेलो. मला टोचत होतं ते हे, मांजर नव्हे. तुम्ही क्षमा करणार असाल तर होकार कळवतो.

क्षमा केली. रविवारची वाट बघू नकोस, आत्ताच जा. — से. ब.

कियेरी, ११ मार्च १९२६